बारावी जागा

भिकू तांडेलाला पाण्याची भीती वाटते हे एकदऱ्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तरी लोकांनी ते हसण्यावारी नेलं असतं. मुरुडच्या खाडीपलीकडच्या त्या कोळीवाड्यात लहानमोठ्या पन्नासएक होड्या होत्या. इथं तळाला चिखल आहे की वाळू, असा वाद कुठंही निघाला की शेवटी भिकूलाच बोलावणं जायचं. तो दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा. गोळ्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला जे काही चिकटून येईल ते बोटावर चोळायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचा, "आनखी थोडं पुढं गेलास तर खडक लागंल." आणि खडक लागायचाच.

त्याची भीती साऱ्या दर्याची नव्हती. एका तुकड्याची होती. कांशाच्या किल्ल्यापासून नैर्ऋत्येला, शीड भरून निघालं तर दीड-दोन तासांच्या वाटेवर, अठरा वाव खोल पाण्याचा एक पट्टा आहे. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे अठरा. एकोणीसशे पंचवीसच्या कार्तिकात, लख्ख उन्हाच्या दिवशी, तिथं भिकूचा थोरला भाऊ सदा बुडाला.

वादळ नव्हतं, वारा नव्हता. फक्त लाटा लांब आणि जड येत होत्या. होडीमागून ओढत आणलेलं जाळं तळाशी कशाला तरी अडकलं आणि दोर ताठ झाला. पुढची लाट आली तशी होडी वर उठायला बघू लागली, पण दोर तिची मागची बाजू खाली धरून ठेवत होता. सदा सुकाणूवर होता. तो ओरडला, "तोड." दोराजवळ भिकू बसला होता आणि कोयता त्याच्या हातातच होता. त्यानं दोराकडे पाहिलं. पाणी काठावरून आत येताना पाहिलं. हात उचलला गेला नाही. सदा पुन्हा ओरडला, "भिकू, तोड." दुसरी लाट आत आली, मग तिसरी, आणि होडी मागच्या मागं पाण्यात शिरली. सदा गेला, दोन खलाशी गेले. एका वल्ह्याला धरून तरंगत राहिलेल्या भिकूला दिघीकडे निघालेल्या गलबतानं दुपारी उचललं.

"दोर तोडाया येळच मिलाला न्हाय," असं त्यानं गावात सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. सदाची बायको केसर तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिलाही पटलं.

दोन वर्षांनी मुंबईहून सरकारी माणसं आली. या किनाऱ्यावर कुठं, कोणत्या महिन्यात, किती मासा असतो याची पाहणी करायची होती. त्यासाठी त्यांनी एक मोठा शिडाचा मचवा आणला होता. त्यांना तळ ओळखणारा तांडेल, म्हणजे मचवा चालवणारा म्होरक्या, हवा होता आणि गावानं एकमुखानं भिकूचं नाव सांगितलं. पहिल्या गोऱ्या साहेबानं नकाशावर बारा टिंबं काढली. पावसाळा सरला की वैशाखापर्यंत दर महिन्याला या बारा जागी जायचं, प्रत्येक जागी तासभर तळावरून जाळं ओढायचं, वर आलेला मासा निवडायचा, तोलायचा आणि कारकुनानं वहीत लिहायचा. मचव्यावर एक जुनाट होकायंत्र होतं, पण जागा शोधायची ती भिकूच्या खुणांनी. किल्ल्याचा अमका बुरूज आणि मागच्या डोंगरातली तमकी खिंड एका ओळीत आली की जागा आली.

बाराव्या टिंबाची दिशा आणि खोली साहेबानं सांगितली आणि भिकूनं जागा ओळखली. ती सदाची जागा होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? पाण्याला भिणाऱ्या तांडेलाच्या मचव्यावर कुठला खलाशी पाऊल ठेवील? आणि एकदा भीतीचं कारण सांगायला बसलं, की कोयत्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबता येणार नव्हतं. तो निघाला. बुरूज खिंडीकडे सरकायला लागला तसं त्याचं तोंड कोरडं पडलं. तळव्यांना असा घाम सुटला, की सुकाणू हातातून निसटायला लागलं. त्यानं ते किनाऱ्याच्या बाजूला वळवलं. मैलभर आत आल्यावर श्वास ठिकाणावर आला.

"हीच जागा," तो म्हणाला.

साहेबाला बोट लागली होती, तो आडवा पडून होता. कारकुनानं खोली विचारली. गोळा तेरा वावांवर टेकला होता. भिकूनं अठरा सांगितलं.

हे नऊ वर्षं चाललं. मधे साहेब बदलले. एकतीस साली अलिबागचे रामचंद्र प्रधान आले. ते तिशीतले, चष्मा लावणारे, स्वतः ओणवे होऊन मासे निवडणारे गृहस्थ होते. ते भिकूला अहोजाहो करायचे आणि त्याचा शब्द कधी मोडायचे नाहीत. त्यामुळं भिकूला जास्तच कसंतरी व्हायचं. बाराव्या जागेच्या खोट्या ठिकाणीही त्यानं आता पक्क्या खुणा बसवल्या होत्या. राजपुरीच्या टेकडीवरचा वड आणि कांशाचा उत्तरेकडचा बुरूज. दर महिन्याला तो मचवा बरोब्बर तिथंच आणायचा, हातभरही इकडं तिकडं होऊ द्यायचा नाही. जाळ्यात कोळंबी, मांदेली, जवळा यायचा. प्रधान दरवेळी म्हणायचे, "अठरा वावांत घोळ मासा नाही, वाम नाही. बारावी जागा मोठी विचित्र आहे, तांडेल." भिकू दोर गुंडाळत राहायचा.

छत्तीस सालच्या मार्गशीर्षात नवी आगबोट आली. तिचं नाव कॅथरीन होतं. गावानं चार दिवसांत तिची कातरीण करून टाकली. लोखंडी, काळी, मागच्या बाजूला वाफेचा रहाट आणि त्यावर तारेचे दोर. तिचं जाळं एवढं मोठं, की एकदऱ्याची सगळी जाळी त्यात मावली असती. बोटीचे सारंग, म्हणजे कप्तान, रत्नागिरीकडचे दाऊदमियां होते. दाढी पांढरी, बोलणं थोडं.

प्रधानांनी वाळूवर बसून भिकूला आणि खलाश्यांना काम समजावलं.

"आजपर्यंतचे सगळे आकडे आपल्या मचव्याचे आहेत. पुढचे सगळे या बोटीचे असणार. ही जोरात ओढते, हिच्या जाळ्याचं तोंड मोठं, म्हणजे मासा जास्त येणारच. पण किती पट जास्त, ते आधी ठरवायला हवं. म्हणून दोघांनी एकाच दिवशी, एकाच जागी, शेजारी शेजारी तासभर ओढायचं."

"आनि न्हाय ठरवलं तर?" भिकूनं विचारलं.

"मग दहा वर्षांनी कोणीतरी वह्या उघडील आणि म्हणेल, इथं मासा चौपट झाला, पाठवा आणखी वीस आगबोटी. मासा असेल तेवढाच. मोठी झालेली असेल ती फक्त बोट."

भिकूला ते लगेच उमगलं, आणि म्हणूनच तो घाबरला. वीस कातरिणी त्याच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. पण त्याहून मोठी भीती जवळची होती. आगबोटीवर नवं होकायंत्र होतं, नकाशा होता. तिला भिकूच्या खुणांची गरज नव्हती.

पहिले चार दिवस काम सुरळीत झालं. मचव्याला बारा शेर मासा मिळाला तर कातरिणीला पंचेचाळीस, मचव्याला वीस तर तिला बाहत्तर. कुठंही बघा, साडेतीन ते चार पट. प्रधान खूश होते. "बघा, कसं जुळतंय," असं म्हणत ते वही भिकूपुढं धरायचे. भिकूला अक्षरं येत नव्हती, पण आकडे ओळखता यायचे. एकेक जागा संपत होती आणि बारावी जवळ येत होती. त्याला जेवण जाईना. अकरावी जागा झाली त्या संध्याकाळी त्याची बायको राही ताटातला भात तसाच बघून म्हणाली, "आजारी हाव का?"

"पोट दुखतंय."

"मंग उद्या नका जाऊ. नामा न्हेईल मचवा."

नामा हा मचव्यावरचा जुना खलाशी. त्याला खुणा माहीत होत्या, पण त्या खोट्या आहेत हे माहीत नव्हतं. भिकूच्या मनात आलं, खरंच घरी राहावं. नामा मचवा खोट्या जागी नेईल, आगबोट खऱ्या जागी जाईल, आणि मग… मग कातरीण आपलं ते अवाढव्य जाळं त्या तळावर सोडील. खाली जे काय होतं ते कुठं गेलं असणार? ते तिथंच होतं. आणि बोटीवर प्रधान असणार होते, दाऊदमियां असणार होते, सोळा माणसं असणार होती.

"जातो मी," तो म्हणाला. पण सांगेन असं त्यानं त्या वेळीही ठरवलं नव्हतं. जे होईल ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं. तेसुद्धा धैर्यानं नव्हे. घरात बसून वाट बघणं त्याहून भयंकर होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा मंद होता आणि लाटा लांब, जड येत होत्या. भिकूनं त्या पाहिल्या; सदा गेला त्या दिवशी अशाच होत्या. वड बुरुजावर आला तशी त्यानं सवयीनं शीड उतरवायला सांगितलं. आगबोट थांबली नाही. ती धूर सोडत सरळ पुढं गेली, मैलभर, आणि तिथं उभी राहिली. मग तिनं शिटी दिली. एकदा, दोनदा.

नामा म्हणाला, "त्ये तिकडं कशाला गेलं? जागा तर ही."

आगबोटीच्या मागच्या बाजूला माणसं हलताना दिसत होती. जाळं उचललं जात होतं.

पुढं त्यानं प्रधानांना सांगितलं, की त्या क्षणी त्याच्या मनात काहीही चांगलं नव्हतं. गप्प राहिलो तर आपलं पाप आपल्यापाशी राहील, एवढाच विचार होता. मग जाळं पाण्यात पडताना दिसलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "शीड वर घ्या. वल्ही मारा."

"कुठं?"

"तिकडं. बोटीकडं. मारा लवकर."

अकरा वर्षांत तो त्या पाण्यात गेला नव्हता. वल्ही पडत होती, बुरूज खिंडीकडे सरकत होता आणि भिकूला उलट्या होत होत्या. सुकाणू काखेत दाबून तो काठावरून वाकायचा आणि पुन्हा समोर बघायचा. नामानं सुकाणू मागितलं, त्यानं दिलं नाही. आगबोट जाळं ओढत हळूहळू त्यांच्याच दिशेनं येत होती. हाकेच्या टप्प्यात आल्यावर भिकू उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागला.

"थांबवा. बोट थांबवा. खाली काय तरी हाय."

प्रधानांनी कर्णा तोंडाला लावला. "तांडेल, तुम्ही चुकीच्या जागी थांबलात. नकाशावर हीच जागा—"

"म्हायीत हाय मला. थांबवा."

पुढचं वाक्य झालंच नाही. तारेचे दोर एकदम ताठ झाले. त्यांतून असा आवाज निघाला, की मचव्यावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. कातरिणीची मागची बाजू खाली दबली, पुढचं टोक वर आलं, आणि एक लांब लाट तिच्या मागच्या फळीवरून आत शिरली. माणसं घसरली. भिकूनं हे सगळं एकदा पाहिलेलं होतं. त्याला ठाऊक होतं, यानंतर दुसरी लाट येते आणि मग तिसरी.

"इंजिन बंद करा," तो ओरडला. "दोर सोडा. सारंग, दोर सोडा. आगूदर दोर सोडा."

दाऊदमियांनी त्याच्याकडं पाहिलं, एकदाच. मग घंटा वाजली, इंजिन थांबलं आणि रहाटाचा अडसर निघाला. दोर खडखडत सुटले. दुसरी लाट आली ती बोटीच्या खालून गेली.

एका खलाश्याच्या खांद्याला मार लागला होता. जाळं अर्धं फाटलं. बाकी सगळे धड होते.

भिकूला शिडीवरून आगबोटीवर घेतलं. तो लोखंडी जमिनीवरच बसला. प्रधान ओलेचिंब, चष्मा हरवलेला, डोळे बारीक करून त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"खाली काही आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

यावर सांगण्यासारखं खोटं भिकूजवळ भरपूर होतं. गावात जुने लोक म्हणतात, ऐकलं होतं, अंदाज केला. पण त्याच्यात ते रचायचं त्राणच नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. सदा, कोयता, सुकाणू वळवलं तो पहिला दिवस, तेरा वाव आणि अठरा वाव. सांगताना त्यानं कोणाकडं पाहिलं नाही. नामा शिडीवर उभा राहून ऐकत होता, हे त्याला मागाहून कळलं.

प्रधान अगदी हळू म्हणाले, "नऊ वर्षं. दोन छापील अहवाल माझ्या सहीनं गेलेत, तांडेल." त्यांचा आवाजही कापत होता. भिकूच्या ध्यानात आलं, की हा माणूसही घाबरलाय. बाराव्या जागेत घोळ मासा मिळत नाही असं त्यांनी वरच्या साहेबांना लिहून दिलं होतं. आता ते कोणत्या तोंडानं परत घेणार?

"समद्याच वह्या बाद का, सायेब?"

"बाराव्या जागेच्या तरी बाद. खोटेच आकडे आहेत ते."

भिकू म्हणाला, "आकडे खोटे न्हाईत. वजन तुमी सोता केलंय. खोली खोटी हाय, जागा खोटी हाय. पर ती जागा मी कदी बदलली न्हाय. नऊ वर्सं तिथंच आनला मचवा."

"याला पुरावा काय?"

"दोनी बोटी तिथं घेऊन चला. न्हाय जुललं तर मला दर्यात टाका."

जाळं शिवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बोटी वडाच्या खुणेवर आल्या आणि शेजारी शेजारी तासभर ओढत राहिल्या. मचव्याला अकरा शेर मिळाला, गेल्या मार्गशीर्षात मिळाला होता जवळपास तेवढाच. तीच कोळंबी, तीच मांदेली. कातरिणीला एक्केचाळीस. प्रधानांनी मान खाली घालून भागाकार केला. पावणेचार पटीला थोडं कमी. बाकीच्या अकरा जागांसारखंच. त्यांनी वही मिटली आणि नवा चष्मा पुसत म्हणाले, "जुन्या आकड्यांचं टिंब हलवू. मैलभर किनाऱ्याकडं. आणि खोली तेरा."

पण खरी बारावी जागा अजून राहिलीच होती. तिथं दोन्ही बोटींनी ओढल्याशिवाय पाहणी पुरी होत नव्हती, आणि खाली काय आहे, कुठवर आहे, हे कळल्याशिवाय ओढता येत नव्हतं. गोळा टाकून तळ चाचपायचा होता. ते काम भिकूसारखं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

प्रधान म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर नाही म्हणा. मी समजू शकतो."

भिकूला नाहीच म्हणायचं होतं. पण तोपर्यंत गावभर झालं होतं, आणि नाही म्हणायलासुद्धा चार माणसांसमोर तोंड उघडावं लागलं असतं. तो मुकाट्यानं मचव्यावर चढला. नामा वल्ह्यावर बसला. त्या दिवसापासून तो भिकूशी बोलला नव्हता, पण आला होता.

सकाळपासून दुपारपर्यंत भिकूनं साठाहून जास्त वेळा गोळा टाकला. प्रत्येक वेळी दोर हातातून सुटताना त्याला वाटायचं, खालून कोणीतरी तो धरणार. चिखल, चिखल, वाळू, चिखल. तो पुटपुटत होता आणि कारकून लिहीत होता. एकदा गोळा पंधरा वावांवरच ठणकन टेकला. वर काढला तर चरबीत ना चिखल ना वाळू, नुसता तांबडा गंज. कुठल्याशा बुडालेल्या जहाजाचं लोखंड असणार. ते केव्हाचं, कोणाचं, ते कधीच कळलं नाही. भिकू त्या गंजाकडं नुसता बघत राहिला. त्याला वाटलं होतं, खाली काहीतरी त्याचंच नाव घेऊन बसलेलं असेल. पण ते लोखंड होतं, पडलेलं होतं, आणि त्याला ना सदा ठाऊक होता ना भिकू.

त्यानं त्या लोखंडाच्या चारी बाजूंना रिकामी पिंपं दोरानं बांधून तरंगत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पिंपांपासून लांब राहून दोन्ही बोटींनी ओढलं. मचव्याला अडतीस शेर मिळाले, कातरिणीला साडेतीन मण. घोळीच घोळी, वाम, हातभर लांब पापलेट. पट तीच. खलाशी बोलायचे थांबून ढिगाकडं बघत राहिले. प्रधानांनी वहीत सगळं लिहिलं आणि एका ओळीवर लेखणी थांबवली.

"जागा नऊ वर्षं चुकली. कारणाच्या रकान्यात काय लिहू? होकायंत्रात बिघाड, असंही लिहिता येईल."

"भ्यालो म्हनून लिवा," भिकू म्हणाला.

प्रधानांनी तसंच लिहिलं. निघताना दाऊदमियांना त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही ह्यांच्या सांगण्यावरून लगेच इंजिन कसं बंद केलंत? मियां म्हणाले, "मी तांडेलाचं तोंड बघितलं. असं तोंड करून माणूस खोटं बोलत नाय."

केसरकडं भिकू त्यानंतर तीन दिवसांनी गेला. एवढ्यात तिला कोणाकडून तरी कळलं असणारच. सकाळची वेळ होती. ती अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती, जोडी जोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. भिकू कुडाजवळ उभा राहिला.

"वैनी, कोयता माज्या हातात व्हता."

"ऐकलं मी."

"दादा दोनदा बोल्ला, तोड. माजा हात उचलला न्हाय."

केसरनं हातातली जोडी काठीवर टाकली. दुसरी घेतली, तीही टाकली.

"आनखी काय बोल्ला?"

"काय न्हाय. तोड, इतकंच."

"माजं नाव घेतलं?"

भिकूला वाटलं, हो म्हणावं. नऊ वर्षं तेरा वावांचे अठरा करणाऱ्या माणसाला ते कठीण नव्हतं. तो म्हणाला, "न्हाय, वैनी. येळ न्हवता."

ती खाली बसली. पदर तोंडाशी धरून बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "जावा तुमी आता." तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. शिमग्याला ती त्यांच्या घरी आली नाही. राहीनं पाठवलेल्या पोळ्या तिनं ठेवून घेतल्या आणि भांडं दुसऱ्याच्या हाती परत पाठवलं. भिकू तिच्या दारावरून जायचं टाळायचा. नाइलाजानं जावं लागलं तर मान खाली घालून जायचा.

गावात काही दिवस कुजबुज चालली. बुडालेल्या दोन खलाश्यांपैकी एकाचा भाऊ विठोबा भर वाळूत भिकूच्या अंगावर धावून आला आणि त्याची गचांडी धरून उभा राहिला. भिकूनं हात सोडवला नाही. विठोबानंच मग सोडला. मचव्यावर खलाशी मिळेनात म्हणून दोन फेऱ्या चुकल्या. तिसऱ्या फेरीला नामा आपणहून आला, म्हणाला, "भितोस त्ये आता म्हायीत तरी हाय," आणि त्याच्यामागं बाकीचे आले. प्रधानांना वरून काय बोलणी खावी लागली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण अहवाल दुरुस्त होऊन छापला गेला. त्यात साफ लिहिलं होतं, की नव्या बोटीचे आकडे पावणेचारानं भागल्याशिवाय जुन्यांशी ताडू नयेत.

भिकूची भीती गेली नाही. खऱ्या बाराव्या जागी तो पुढं दर महिन्याला जायचा आणि दर वेळी त्याचं तोंड कोरडं पडायचं. फरक एवढाच, की आता तो ते बोलून दाखवायचा. "नामा, माजं हात कापाया लागलं, सुकाणू धर." नामा धरायचा.

त्या ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, मचवा वाळूवर ओढून घ्यायचा होता. गावची बायामाणसं दोराला लागली. भिकू दोराच्या मधोमध होता. ओढताना त्याचा पाय ओल्या वाळूत सरकला तेव्हा मागून आवाज आला, "नीट रोवा पाय, भावजी."

केसर दोर धरून त्याच्या मागंच उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पुढं मचव्याकडं बघत होती. कोणीतरी हाळी दिली, आणि सगळ्यांनी मिळून ओढलं.